फीवाढ आणि दिलेला शब्द

जून महिना उजाडला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर नवी शुल्कपत्रके झळकतात आणि त्यांच्या मागोमाग कोठे ना कोठे विद्यार्थ्यांचा मोर्चा निघतो. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली उत्तरे येतात. विद्यापीठ म्हणते, खर्च वाढला. सरकार म्हणते, इतकी वर्षे आम्ही फी वाढविलीच नव्हती. आणि समाजातील शहाणी मंडळी म्हणतात, मोबाइलला पैसे आहेत, हॉटेलला पैसे आहेत, मग फीलाच नेमके का नाहीत? या शेवटच्या बोलण्याला आम्ही युक्तिवाद मानीत नाही. तो चहाच्या टेबलावरचा उद्गार आहे. पहिल्या दोन उत्तरांचा मात्र गांभीर्याने विचार करणे भाग आहे, आणि तो करावयाचा तर कॅनडातील क्वेबेक प्रांतात २०१२ साली जे घडले त्याच्याइतके बोलके उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही. बोलके अशासाठी की, तेथे जे विद्यार्थी महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले ते त्या संपूर्ण देशात सर्वांत कमी फी भरणारे विद्यार्थी होते.

२०११-१२ या वर्षी क्वेबेकचा रहिवासी विद्यार्थी पदवी अभ्यासक्रमासाठी वर्षाला २,१६८ डॉलर भरीत होता. शेजारच्या ऑन्टारियो प्रांतात सरासरी फी ६,००० डॉलरांच्या पुढे गेली होती. जाँ शारे यांच्या लिबरल सरकारने मार्च २०११ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले की, २०१२ च्या शरद सत्रापासून पाच वर्षे दर वर्षी ३२५ डॉलर वाढवून फी ३,७९३ डॉलरांवर न्यावयाची. म्हणजे ७५ टक्के वाढ. ती पूर्ण झाल्यावरही क्वेबेकची फी कॅनडाच्या त्या वेळच्या सरासरीपेक्षा कमीच राहणार होती. सरकार हे पुनःपुन्हा सांगत राहिले, आणि आकड्यांपुरते पाहिले तर सरकार खोटे बोलत नव्हते. तरीही १३ फेब्रुवारी २०१२ पासून वर्ग एकामागून एक ओस पडू लागले. २२ मार्चच्या दिवशी माँट्रियल शहराच्या रस्त्यांवर लाखाहून अधिक माणसे चालली. त्या सुमारास उच्च शिक्षण घेणाऱ्या सुमारे चार लाख विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ तीन लाख वर्गाबाहेर होते. त्यांच्या छातीवर सेफ्टी पिनने लावलेला लाल कापडाचा लहानसा चौकोन असे. कर्जात पार बुडालेल्या माणसाविषयी फ्रेंच भाषेत जो वाक्प्रचार आहे, त्यात चौकोन आणि लाल रंग हे दोन्ही शब्द येतात; त्या श्लेषातून ही खूण जन्मली होती.

देशातील सर्वांत स्वस्त शिक्षण घेणाऱ्यांनी एवढा आकांत का करावा? याचे उत्तर शोधण्यास अर्धशतक मागे जावे लागते. १९६० पर्यंत क्वेबेकमधील फ्रेंच भाषक आपल्याच प्रांतात बहुसंख्य असूनही दुय्यम होते. बँका, कारखाने, विमा कंपन्या बहुतांशी इंग्रजी भाषकांच्या हाती होत्या, आणि फ्रेंच मुलांचे शिक्षण चर्चच्या अखत्यारीत होते. ते मूठभरांना पाद्री, डॉक्टर वा वकील बनवी आणि उरलेल्यांना लवकरच शेतावर व कारखान्यात पाठवून देई. १९६१ च्या जनगणनेच्या आधारे एका शाही आयोगाने उत्पन्नाचा जो तक्ता सिद्ध केला, त्यात क्वेबेकमधील १४ वांशिक गटांत फ्रेंच वंशाच्या लोकांचा क्रमांक बारावा लागला होता. आपल्याच घरात बारावा!

१९६० साली सत्तेवर आलेल्या जाँ लेसाज यांच्या सरकारने हे चित्र पालटावयास घेतले. तेथील इतिहासात या काळाला शांत क्रांती म्हणतात. १९६१ साली धर्मगुरू आल्फाँस-मारी पारां यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. १९६४ साली प्रांताला स्वतंत्र शिक्षण खाते मिळाले. १९६७ साली शालेय शिक्षण आणि विद्यापीठ यांच्यामधला टप्पा म्हणून 'सेजेप' नावाची सार्वजनिक महाविद्यालये निघाली व त्यांत शिक्षणशुल्क नव्हते. १९६८ साली अनेक शहरांत शाखा असलेले क्वेबेक विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाची फी गोठवून ठेवावयाची आणि आज ना उद्या ती अजिबात काढून टाकावयाची, ही या सगळ्यामागची दिशा होती. कायद्याच्या कलमात ती लिहिलेली नसेल. परंतु एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेला तो शब्द होता, आणि क्वेबेकच्या घराघरांत तो तसाच समजला गेला.

गोमंतकीय वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १९६१ पूर्वी वैद्यक सोडले तर पुढच्या शिक्षणासाठी येथल्या मुलाला मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे, आणि ज्याला परवडे तोच ते गाठी. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय उभे राहिले. १९६३ च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात पाटी कधी आली नव्हती त्या घरातला मुलगा मॅट्रिक झाला, त्याची बहीण शिक्षिका झाली. बहुजन समाजाला सरकारने दिलेला शब्द तो हाच. तो पाळला जातो की नाही याची पुढची परीक्षा झाली ती फीवरून नव्हे, बसच्या तिकिटावरून. १९७८-७९ साली गोव्यातील विद्यार्थी बसभाड्यात ५० टक्के सवलत मागत रस्त्यावर उतरले, तेव्हाही 'एवढ्याशा पैशांसाठी एवढा गोंधळ कशाला' असे विचारणारे विद्वान होतेच. पेडणे, सत्तरी, काणकोण येथून पणजी-मडगावला रोज ये-जा करणाऱ्या मुलाचा महिन्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. शिक्षणाचा खरा खर्च फीच्या पावतीवर लिहिलेला नसतो. तो बसमध्ये असतो, खानावळीत असतो, भाड्याच्या खोलीत असतो, आणि मुलगा कमावता झाला असता तर घरात जे चार पैसे आले असते त्यांतही असतो. फीची वाढ या सर्व ओझ्यावर शेवटी येऊन पडते.

आता सरकारचे उत्तर: इतकी वर्षे आम्ही फी वाढविलीच नव्हती. हे खरे असते, आणि नेमके येथेच दुखणे आहे. क्वेबेकमध्ये १९६८ पासून १९९० पर्यंत फी साडेपाचशे डॉलरांच्या आतच गोठलेली होती. नंतर रॉबेर बुरासा यांच्या सरकारने चार वर्षांत ती तिप्पट करून १,६६८ डॉलरांवर नेली. मग पुन्हा १९९४ ते २००७ अशी तेरा वर्षे ती गोठली. त्यानंतर वर्षाला १०० डॉलरांची चढण सुरू झाली, आणि २०१२ साठी ३२५ ची उडी ठरली. आपल्या देशात याहून निराळे काही घडलेले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहाच्या खोलीचे भाडे वर्षानुवर्षे महिना १० व २० रुपये होते. २०१९ साली ते ३०० व ६०० करण्याचे ठरले आणि पोलिसांच्या लाठ्यांपर्यंत प्रकरण गेले. अलाहाबाद विद्यापीठाने २०२२ साली ९७५ रुपयांची वार्षिक फी एकदम ४,१५१ रुपयांवर नेली आणि तेथे विद्यार्थी उपोषणास बसले. ज्यांनी वीस-तीस वर्षे फीला हात लावला नाही ते राजकारणी लोकप्रियता पदरात पाडून निघून गेले. त्यांच्या भिडस्तपणाचे बिल मात्र त्या विशिष्ट वर्षी अठरा वर्षांच्या झालेल्या मुलांच्या हातात पडले. पुढच्या-मागच्या कोणाच्याच नव्हे, त्यांच्याच. त्यांनी ते निमूटपणे का भरावे?

त्यांच्या मनातील दुसरी भीतीही निराधार नव्हती. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड फी बसली, तेव्हा ही नाममात्र आहे असे सांगितले गेले. २००६ साली ती ३,००० झाली आणि २०१२ साली कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. डिसेंबर २०१० मध्ये संसदेत त्यावर मतदान झाले तेव्हा ती वाढवू देणार नाही अशी लेखी प्रतिज्ञा निवडणुकीत केलेल्या पक्षाचे मंत्रीच तिच्या बाजूने उभे राहिले. २०२३ पासून तेथे शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे सरकारी कर्ज चाळीस वर्षांनंतरच माफ होते. म्हणजे पदवीचे हप्ते जवळजवळ निवृत्तीपर्यंत चालू राहू शकतात. क्वेबेकच्या मुलांना ३,७९३ हा आकडा पायरी वाटला, मुक्काम वाटला नाही.

तथापि या आंदोलनाची सर्व अंगे आम्हांस सारखीच पटतात असे नाही. क्वेबेकमध्ये विद्यार्थी संघटनांना १९८३ च्या कायद्याने मान्यता आहे. वर्गावर जावयाचे की नाही हे त्या सर्वसाधारण सभा भरवून मताने ठरवितात, आणि ठराविक मुदतीने ते मत पुन्हा घेतात. विद्यार्थी याला संप म्हणत. सरकारने मात्र तो शब्द अखेरपर्यंत उच्चारला नाही. सरकारच्या लेखी हा 'बहिष्कार' होता. शब्दांचा हा कीस वरवर पाहता पोरकट दिसतो, परंतु सगळा वाद त्यात साठला होता. संप असेल तर बहुमताचा निर्णय सर्वांना बांधतो. बहिष्कार असेल तर तो ज्याचा त्याने पाळावयाचा, आणि ज्याला वर्गात बसावयाचे आहे त्याला अडविण्याचा अधिकार कोणास नाही. काही विद्यार्थी न्यायालयात गेले आणि त्यांनी मनाई हुकूम मिळविले. महाविद्यालयाच्या दारात एका बाजूला सभेचा ठराव हाती घेतलेले विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला न्यायालयाचा हुकूम हाती घेतलेला त्यांचाच वर्गमित्र, असे प्रसंग त्या वसंतात घडले. आंदोलनाचा एक तरुण प्रवक्ता गाब्रिएल नादो-द्युबुआ याने, सभेचा निर्णय पाळला जावा म्हणून दारे अडविणे रास्त आहे असे दूरचित्रवाणीवर म्हटले, तेव्हा त्याच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला झाला. खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला. अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले आणि २०१६ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

सभागृहात हात वर करून झालेल्या ठरावाने, त्या सभेस न आलेल्या मुलाचे संपूर्ण सत्र बुडावे काय? आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. गुप्त मतदान असते आणि उपस्थितीची किमान अट असती तर आंदोलनाचे नैतिक बळ वाढलेच असते. खिडक्या फोडणाऱ्या, धूरकांड्या फेकणाऱ्या टोळक्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांनी विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले. परंतु या सर्वांचे माप विद्यार्थ्यांच्या पदरात घालताना सरकारने काय केले तेही पाहिले पाहिजे. दोन महिने सरकारने त्यांच्याशी बोलणीच केली नाहीत. मग बोलणी सुरू करताना सर्वांत मोठ्या आघाडीला वगळले. एप्रिलच्या अखेरीस प्रस्ताव आला तो असा: पाच वर्षांऐवजी सात वर्षे, आणि दर वर्षी ३२५ ऐवजी २५४ डॉलर. हप्ता हलका दिसत होता. विद्यार्थ्यांनी गुणाकार केला: २५४ गुणिले सात म्हणजे १,७७८, पूर्वीची एकूण वाढ १,६२५. सवलत म्हणून जे पुढे केले ते मुळापेक्षा अधिक निघाले. शेवटच्या दोन वर्षांत महागाई धरली आहे आणि सोबत शिष्यवृत्त्याही वाढविल्या आहेत असे स्पष्टीकरण झाले. पण ज्यांना गणित शिकविण्यासाठी विद्यापीठे असतात त्यांनाच बेरीज कळणार नाही असे समजून देऊ केलेला हा देकार होता, अशीच त्याची संभावना झाली.

१४ मे रोजी शिक्षणमंत्री लीन बोशाँ यांनी राजीनामा दिला. १८ मे रोजी विधिमंडळाने एक विशेष कायदा संमत केला. विधेयक क्रमांक ७८ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ 'विद्यार्थ्यांना शिक्षण घेता यावे यासाठीचा कायदा' असा काहीसा होता. त्यातील तरतुदी अशा: पन्नास किंवा अधिक माणसांना मोर्चा काढावयाचा तर आठ तास आधी मार्ग व वेळ पोलिसांना कळवावी, शिक्षणसंस्थांच्या आवारात वर्ग अडविणारी निदर्शने नकोत, भंग केल्यास सामान्य व्यक्तीला १,००० ते ५,००० डॉलर, पुढाऱ्याला ७,००० ते ३५,००० आणि संघटनेला २५,००० ते १,२५,००० डॉलर दंड, पुन्हा केल्यास दुप्पट. शिक्षणाचा कायदा म्हणावयाचा आणि त्यात सर्वाधिक तपशील दंडाचा!

सरकारची सर्वांत मोठी चूक ही. तोपर्यंत फीच्या प्रश्नावर जनमत, निदान पाहण्यांतून दिसले तेवढे, सरकारच्या बाजूने झुकलेले होते. पोटापाण्याच्या मागे लागलेल्या माणसाला विद्यार्थ्यांचा गोंगाट नकोसा झाला होता. परंतु पन्नास माणसे एकत्र चालण्यासाठी पोलिसांना कळवावयाचे, हे त्यालाही रुचले नाही. रात्री आठ वाजता माँट्रियलच्या गल्लीबोळांत माणसे पातेली, तवे, उलथनी आणि पळ्या घेऊन गॅलरीत, मग दारात, मग रस्त्यावर येऊ लागली. आजीआजोबा आले, कडेवर लेकरू घेतलेल्या आया आल्या. भांडी बडविण्याची ही रीत दक्षिण अमेरिकेतील चिलीतून आली असे सांगतात. आपल्याकडे १९७० च्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या लाटणे मोर्चांनी मुंबईत महागाईविरुद्ध हेच हत्यार उपसले होते. स्वयंपाकघर रस्त्यावर आले की प्रश्न विद्यार्थ्यांपुरता उरत नाही. २३ मेच्या रात्री एकट्या माँट्रियलमध्ये पाचशेहून अधिक माणसांना अटक झाली. २८ मे रोजी शेकडो वकील आपले काळे झगे घालून, एक शब्द न उच्चारता, न्यायालयाबाहेर पडून त्याच शहरातून चालत गेले.

ऑगस्टच्या आरंभी शारे यांनी निवडणूक जाहीर केली. ४ सप्टेंबरला मतदान झाले. लिबरल पक्ष हरला आणि शारे स्वतःच्या मतदारसंघातही पडले. मात्र हा कौल केवळ फीचा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बांधकामाच्या ठेक्यांतील भ्रष्टाचाराची चौकशी त्याच सुमारास चालू होती, आणि विजयी पार्ती क्वेबेकोआ पक्षाला १२५ पैकी ५४ जागा मिळाल्या तेव्हा लिबरलांनाही ५० मिळाल्या. मतांतील अंतर एका टक्क्याहून कमी होते. पोलीन मारुआ मुख्यमंत्री झाल्या आणि त्याच महिन्यात त्यांच्या सरकारने फीवाढ रद्द केली. विशेष कायद्यातील जाचक तरतुदीही गेल्या. आंदोलनातील एक विद्यार्थी नेता लेओ ब्युरो-ब्लुऐं वयाच्या विसाव्या वर्षी विधिमंडळात निवडून आला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये उच्च शिक्षणाची परिषद भरली आणि नव्या सरकारने ठरविले की यापुढे फी लोकांच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात, म्हणजे दर वर्षी सुमारे ३ टक्के, पहिल्या वर्षी सुमारे ७० डॉलर, वाढत जावी. लाल चौकोन पुन्हा रस्त्यावर आले, पण संख्येने थोडे. मोफत शिक्षणाची आशा धरून बसलेल्यांना हा विश्वासघात वाटला. आमचे मत निराळे आहे. विद्यापीठ संपूर्ण मोफत असावे हे ध्येय उदात्त आहे, परंतु सरकारी तिजोरीतून पैसा कमी मिळू लागला की मोफत विद्यापीठाचे ग्रंथालय आधी कोरडे पडते, प्राध्यापक हंगामी नेमले जातात, आणि ऐपतदार पालक आपल्या मुलांना खासगी संस्थेत नेऊन घालतात. गोरगरिबाच्या हाती मग स्वस्त आणि निस्तेज असे काहीतरी उरते. आपल्या कित्येक सरकारी शाळांकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल. वर्षाला थोडी, आधी माहीत असलेली, पगाराच्या मागून चालणारी वाढ आणि तिच्या जोडीला वेळेवर हातात पडणारी शिष्यवृत्ती, हा मार्ग कोणाच्याच घोषणेत शोभत नाही. ज्याच्या घरी पुढच्या वर्षीचा हिशेब आज करावा लागतो त्याला मात्र तो मानवतो. 'वेळेवर' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. मार्चमध्ये मंजूर झालेली आणि पुढल्या दिवाळीत खात्यावर आलेली शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरण्यास उपयोगी पडत नाही.

क्वेबेकची कथा २०१३ साली संपली नाही, आणि तिचे पुढचे प्रकरण मराठी वाचकाने अधिक सावधपणे वाचावे असे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील फ्रांस्वा लगो यांच्या सरकारने ठरविले की कॅनडाच्या इतर प्रांतांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची फी सुमारे ९,००० डॉलरांवरून सुमारे १७,००० वर न्यावयाची. असे विद्यार्थी प्रामुख्याने मॅकगिल, कंकॉर्डिया आणि बिशप्स या इंग्रजी विद्यापीठांत येतात. माँट्रियलमध्ये इंग्रजी फार कानांवर पडते आणि फ्रेंच मागे रेटली जाते, हे कारण सरकारने उघडपणे सांगितले. भाषेची काळजी आम्हांस समजते; बेळगावात आणि गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ती कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु फ्रेंच मुलासाठी विद्यापीठाचे दार उघडे ठेवण्याकरिता ज्या समाजाने फी खाली ठेवली, त्याच समाजाचे सरकार आता दुसऱ्या भाषेच्या मुलासाठी दार लोटून घ्यावयास फी वापरू लागले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस या इंग्रजी विद्यापीठांचे हजारो विद्यार्थी माँट्रियलच्या रस्त्यांवर उतरले. या वेळी त्यांनी निळा रंग निवडला होता. डिसेंबरमध्ये सरकारने आकडा १२,००० वर आणला, पण सोबत अट घातली की बाहेरून आलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी पदवी घेईपर्यंत ठरीव दर्जाची फ्रेंच शिकलेली असावी. मॅकगिल आणि कंकॉर्डिया न्यायालयात गेली. एप्रिल २०२५ मध्ये प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने ही फीवाढ अवाजवी ठरवून रद्द केली.